दुपारनंतरचा वास

"सकाळचा परफ्यूम बदललास का?" संध्याकाळी निघताना शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मैत्रिणीने सहज विचारले. मी बदलला नव्हता. माझ्या पिशवीत बाटलीही नव्हती. ती घरी आरशासमोर होती आणि सकाळी दोन मनगटांवर एकेक, गळ्यापाशी एक, असे तीन फवारे मारून मी तिचे झाकण लावले होते. तसे मी तिला सांगितले. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. "सकाळी तू लिंबाच्या झाडाखालून आल्यासारखी वाटत होतीस. आता काहीतरी वेगळंच येतंय, दाट." एवढे बोलून ती पिशवी खांद्याला लावून निघून गेली. मी मनगट नाकाशी नेले. मला कसलाच वास आला नाही. लिंबाचा नाही आणि दाटही नाही.

एवढेच घडले, पण घरी पोचेपर्यंत तो प्रश्न सलत राहिला. जी वस्तू मी माझ्या पसंतीने घेतली, माझ्याच हाताने लावली आणि दिवसभर माझ्याच अंगावर वागवली, तिच्याविषयी चार हात दूर बसणाऱ्या बाईला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असावे, याचा थोडासा राग आला होता. त्या रागात थोडी भीतीही मिसळलेली होती. सकाळी आपण एक बाई म्हणून घरातून निघतो आणि दुपार कलल्यावर आपल्या नकळत लोकांना दुसरीच कुणी भेटत असते, हे तिच्या दोन वाक्यांतून मला कळले होते, आणि ती दुसरी बाई कशी आहे हे विचारायला मी कुणाकडे जाणार होते?

बाटली नवी होती. ती मी का घेतली ते पुढे येईलच. तिच्यातले द्रव फिकट मधाच्या रंगाचे आहे आणि पहिला फवारा मनगटावर पडतो तेव्हा वासाच्या आधी गारवा जाणवतो, कारण सर्वांत आधी उडून जातो तो मद्यार्क. त्यापाठोपाठ येते ते लिंबूवर्गीय फळांचे ओले, लख्ख, किंचित कडवट टोक: बर्गमोट, मँडरिन आणि थोडे लिंबू. संत्र्याची साल नखाने सोलताना एक बारीक फवारा उडतो आणि डोळ्यात गेला तर झोंबतो, तो ज्यांना आठवत असेल त्यांना हा वास निराळा सांगण्याची गरज नाही; ते आणि हे एकच आहे. सालीचा तुकडा उजेडासमोर धरला की तिच्या पाठीवर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. ती तेलाची कोठारे असतात. तो तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडला तर ज्योतीतून तडतडत ठिणग्या उडतात, इतके ते तेल उडून जायला आणि पेटायला आतुर असते. अत्तरासाठी हे तेल बहुधा साल दाबून, उष्णता न देता काढतात, कारण उष्णतेने त्याचा ताजेपणा मरतो. बर्गमोट हे फळ तर जवळजवळ सालीसाठीच पिकवले जाते. इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर त्याच्या बागा आहेत आणि आतला गर इतका आंबट व कडू असतो की तो सहसा कुणी तसाच खात नाही. मात्र त्याच्या तेलात लिमोनीनच्या, म्हणजे लिंबूवर्गीय सालींतल्या मुख्य द्रव्याच्या, जोडीला लिनालिल अॅसिटेट आणि लिनालूल ही फुलांच्या वासाची द्रव्ये असल्यामुळे त्याला लिंबाची धार असूनही फुलासारखी कड येते. मला हा पहिला भाग अतोनात आवडतो. दुकानात बहुतेक बाटल्या या पहिल्या पाच मिनिटांच्या बळावरच विकल्या जात असाव्यात, आणि मीही त्या पाच मिनिटांना भुलणाऱ्यांपैकीच आहे.

पण हा भाग टिकत नाही.

लिमोनीन 176 अंश सेल्सियसच्या आसपास उकळते, लवंगेतले युजेनॉल 254 अंशांच्या आसपास. मनगटाची ऊब या दोन्ही आकड्यांच्या जवळपासही नसते. तरी हलके आधी आणि जड नंतर, हा उडून जाण्याचा क्रम त्वचेवरही बराचसा तोच राहतो. म्हणून बाटलीत एकत्र नांदणारी ही द्रव्ये अंगावर आल्याबरोबर रांगेत उभी राहतात. लिंबू-संत्र्याचे पाव तासात, फार तर अर्ध्या तासात निघते. मग फुलांचा मधला भाग येतो, ज्याविषयी मला फारसे काही म्हणायचे नाही. या अत्तरात तो दोन खोल्यांमधल्या बोळासारखा आहे. त्यानंतर लवंग, दालचिनी, वेलदोडा वर येतात आणि सर्वांत शेवटी राळ, व्हॅनिला आणि लाकूड उरते. या टप्प्यांना टॉप नोट, हार्ट नोट, बेस नोट म्हणण्याची पद्धत संगीतावरून आली. 19व्या शतकात सेप्टिमस पीस नावाच्या सुगंधतज्ज्ञाने वासांची सप्तकेच मांडली होती. मला ती उपमा अर्धीच पटते. स्वर एकामागून एक आले तरी ऐकणारा तोच असतो. इथे मात्र पहिला स्वर एकजण ऐकतो आणि शेवटचा दुसराच.

कारण नाक फार लवकर कंटाळते. एखादा वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाकातले ग्राहक, म्हणजे वास टिपणाऱ्या पेशींवरचे रिसेप्टर, आणि त्यांच्यामागचा मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतात. नवे काही आले तर कळावे, म्हणून जुन्याला असे गप्प केले जाते. माणसाच्या नाकात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक कामाला असतात, पण त्यांतला एकही आपल्या मालकिणीच्या अंगावर काय आहे याची दिवसभर पहारेदारी करत नाही. कुणीतरी लिफ्टमध्ये शिरते आणि आपला श्वास कोंडतो, तेव्हा त्या बिचाऱ्या व्यक्तीला आपण अंगावर काय ओतून घेतले आहे याचा पत्ताच नसतो. आपलाच परफ्यूम टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्या बायकांना, आणि त्यात मीही आले, कुणीतरी हे आधी सांगायला हवे. नंतर मला आणखी एक गोष्ट सुचली, ती भाषेतली. वास, परिमळ, दर्प, भपकारा, घमघमाट असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. पण 'दरवळणे' हे क्रियापद कुणी स्वतःसाठी वापरत नाही. फूल दरवळते, खोली दरवळते, ती दरवळते. 'मी दरवळले' असे म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आंघोळीला गेले. परत खोलीत आले तेव्हा आई आत आली आहे असे वाटून मी चक्क मागे वळून पाहिले. आई तेव्हा तिच्या घरी, माझ्यापासून पुष्कळ दूर होती. वास स्वेटरच्या गळ्याजवळच्या लोकरीतून येत होता. आंघोळीने नाकाला विसावा मिळाला होता आणि लोकरीने दिवसभरात जे जड, सावकाश उडणारे होते तेवढेच धरून ठेवले होते. मी खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि स्वेटर तोंडावर धरला. लवंग होती, पण तिचा तिखटपणा निघून गेलेला होता. दालचिनीचा सुका, लाकडी गोडवा होता. आणि त्याखाली काहीतरी मऊ, उन्हात ठेवलेल्या जुन्या लाकडासारखे होते. यालाच माझी मैत्रीण दाट म्हणाली होती.

आता बाटलीविषयी सांगायला हवे. आईच्या कपाटात वरच्या खणात एक परफ्यूम असायचा. तिच्या तोंडी शब्द 'सेंट' आहे आणि मी कितीदा दुरुस्त करूनही तो तसाच राहिला. ती सकाळी सेंट लावून कामाला जायची तेव्हा आम्ही मुले झोपलेलो तरी असायचो, नाहीतर आपल्या गडबडीत तरी. आमच्या वाट्याला आई यायची ती संध्याकाळी, दमलेली, चप्पल काढता काढता आम्हाला जवळ ओढणारी. त्या वेळी तिच्या मानेपाशी जो वास असे तो मला आईचाच वास वाटे, तिच्या आवाजासारखा तिला जन्मतःच मिळालेला. तो बाटलीतून येत असेल असे कधी मनातही आले नाही, आणि याला पुरावा होता. आठ-नऊ वर्षांची असताना मी एकदा खुर्चीवर चढून ती बाटली चोरून उघडली होती. झाकण काढताच आंबूस, रंगाच्या डब्यासारखा भपकारा आला. मी घाईने झाकण लावले. बाटलीतले ते आणि आईचे हे, यांचा काही संबंध नाही याची त्या दिवशी माझ्यापुरती खात्री पटली.

आता कळते की तो भपकारा कशाचा होता. लिंबूवर्गीय तेलांना हवा सोसत नाही. बाटली जसजशी रिकामी होते तसतशी तिच्यात हवा भरत जाते, लिमोनीन प्राणवायूशी जुळते आणि सालीचा तो ओला ताजेपणा जाऊन टर्पेंटाइनसारखा वास राहतो. आईने एक बाटली वर्षानुवर्षे पुरवली होती. तिची सुरुवात कधीच नासलेली होती; मसाल्याचा आणि राळेचा भाग मात्र जवळजवळ शाबूत होता, कारण ही द्रव्ये सहजी हार मानत नाहीत. म्हणजे मला लहानपणी आईच्या अत्तराचा नासलेला आरंभ आणि सुंदर शेवट, दोन्ही भेटले होते, आणि ती एकाच गोष्टीची दोन टोके आहेत हे तेव्हा मला कुणी सांगितले नव्हते. गेल्या वर्षी कपाट आवरताना ती बाटली तळाशी चिकटलेल्या तपकिरी थरासह सापडली. नाव वाचले. तो परफ्यूम अजून निघतो असे कळले आणि मी निव्वळ कुतूहलाने नवी बाटली मागवली. फवारा मारला तर लिंबू-संत्रे! मला हसू आले आणि थोडी निराशाही झाली. हा आईचा नव्हे, नाव तेच ठेवून आत दुसरेच भरले आहे, असे ठरवून मी तो स्वतःसाठी वापरायला काढला. त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी तो प्रश्न आला.

आत खरोखरच थोडे बदललेले असणारही. दालचिनीच्या सालीतले सिन्नामाल्डिहाइड काही जणींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून ते आता मोजूनमापून घालतात. बर्गमोटमधल्या बर्गाप्टेन या द्रव्यामुळे, अत्तर लावून उन्हात गेले तर त्वचेवर तपकिरी डाग उमटत, म्हणून तेही आता बहुधा काढून टाकलेले असते. आईच्या कानाखाली, थेंब ओघळावा तशी, एक फिकट तपकिरी रेघ आहे. ती त्याच्यामुळेच पडली असे मी म्हणणार नाही, पण हे वाचल्यापासून माझी नजर तिथे जाते.

लिंबू आणि मसाला ही जोडी जुनी आहे, पण ती साधणे अवघड आहे असे माझे मत झाले आहे. नुसते लिंबूवर्गीय पाणी करणे त्या मानाने सोपे. 1709 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात फरीना कुटुंबाने व्यवसाय थाटला आणि त्यांच्या पाण्याने त्या शहराचे नाव साऱ्या जगाच्या तोंडी केले. पण ते पाणी लावावे, ताजेतवाने व्हावे आणि तासाभरात विसरावे असे होते. 1925 मध्ये फ्रेंच अत्तरकार झाक गेरलँ यांच्या 'शालिमार'ने बर्गमोटचा मोठा झोत व्हॅनिला आणि राळेच्या उबेवर उभा केला, आणि 1977 मध्ये इव्ह सँ लोराँच्या 'ओपियम'ने मँडरिनच्या मागे लवंग, दालचिनी आणि मिरी उघडपणे आणून बसवली. जमलेल्या अत्तरात या दोन भागांमधली शिवण सापडत नाही. ती कशी लपवतात याची एक युक्ती मला फार आवडते. धण्यांच्या तेलात सर्वांत जास्त लिनालूल असते आणि ते बर्गमोटमध्येही असते. मिरीच्या तेलात तर खुद्द लिमोनीनच असते. म्हणजे लिंबू हात सोडते त्याच क्षणी मिरीने तो धरलेला असतो. न जमलेल्या अत्तरात मात्र लिंबू निघून गेल्यावर थोडा वेळ काहीच येत नाही आणि मग एकदम लवंग दार ढकलून आत येते. तशी लवंग मला दंतवैद्याच्या खुर्चीत नेऊन बसवते. दातात तात्पुरते भरायच्या सिमेंटमध्ये हेच युजेनॉल असते, त्यामुळे त्या वासाबरोबर माझा जबडा आपोआप आवळला जातो.

मसाल्याला उबदार म्हणतात त्यात तथ्यही आहे. युजेनॉल त्वचेतल्या आणि नाकातोंडातल्या ऊब जाणणाऱ्या ग्राहकांना चेतवते. सिन्नामाल्डिहाइड जळजळ कळवणाऱ्यांना. म्हणजे नाकाने वास घेतानाच दुसरी एक चेता आपल्याला 'इथे ऊब आहे' असे सांगत असते, मग खोलीत कितीही गारठा असो. आता हे सगळे 'बायकांचे' का म्हणायचे, हा प्रश्न मला बाटलीवरची अक्षरे वाचताना दर वेळी पडतो. 1889 चा 'जिकी' हा परफ्यूम पुरुष आणि स्त्रिया दोघेही लावत. रेणूंना लिंगभेद कळत नाही. पण एक गोष्ट मात्र खास बायकांच्या इतिहासातली आहे आणि ती याच मसालेदार घराण्याशी जोडलेली आहे. 1953 मध्ये अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन उद्योजिका एस्टी लॉडर यांनी 'यूथ ड्यू' काढले ते अंघोळीचे तेल म्हणून. परफ्यूम कुणीतरी भेट देईपर्यंत वाट पाहायची असा रिवाज होता. अंघोळीचे तेल बाई स्वतःचे स्वतः विकत घेऊ शकत होती. आईचा सेंट तिने स्वतः घेतला होता का, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला तेच पुन्हा सांगितले, या वेळी उकळणबिंदूंसह. एकच बाटली, एकच फवारणी, बदलले ते फक्त तास. तिने शांतपणे ऐकून घेतले. "सांगायचं नसेल तर नको सांगूस गं," ती म्हणाली.

महिन्याभराने आई राहायला आली. ती दुपारी वाचत बसली असताना मी कोऱ्या कागदाची बोटभर पट्टी कापली, तिच्यावर एक फवारा मारला, मद्यार्क उडू दिला आणि काही न बोलता पट्टी तिच्या नाकाखाली धरली. तिने पुस्तक मिटले. डोळेही मिटले. "माझा सेंट," ती म्हणाली. "अगदी हाच. कुठे मिळाला?" मी थक्क झाले. हा लिंबाचा वास तिचा कसा असेल? माझ्या आठवणीत तो वास असलेली आई एकदाही नव्हती. ती मात्र पट्टी पुन्हा पुन्हा हुंगत होती आणि चेहरा असा झाला होता की मला तिच्यात कुणी तरुण, अनोळखी मुलगी दिसू लागली, घाईत, अर्धी वेणी घातलेली. "सकाळी हा लावला ना, की खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. मग कामाला लागलं की विसरून जायचे." हा सेंट तिने तिच्या पहिल्या पगारातून घेतला होता. दोन बाटल्या घेतल्या होत्या. दुसरी तिच्या थोरल्या बहिणीला, माझ्या मावशीला.

मी पट्टी कपाटावर ठेवून दिली. कागदाला अंगाची ऊब नसते, त्यामुळे त्याच्यावर सगळे सावकाश घडते. मध्ये दोन-तीनदा जाऊन मी वास घेतला. लिंबू पुसट होत गेले, फुले येऊन गेली. रात्री जेवणे आटोपल्यावर ती पट्टी हवी तशी झाली. मी ती आईकडे नेली आणि या वेळीही काही सांगितले नाही.

"हा ताईचा," ती लगेच म्हणाली.

मी गप्प राहिले. "ताई भेटायला आली की संध्याकाळी हा वास यायचा तिच्याजवळ बसलं की. काय सुंदर होता. मी कितीदा विचारलं तिला, कुठला सेंट लावतेस? ती म्हणायची, अगं, तुझाच तर, तू दिलेला. मला वाटायचं, दुसरा घेतलाय आणि सांगायचं नाही हिला." मावशीला जाऊन आता सहा वर्षे झाली आहेत. त्या दोघींमध्ये काहीतरी एक बारीक अढी होती हे आम्हा मुलांना जाणवायचे, पण ती कशाची हे कळत नसे, आणि ती एवढ्यावरून पडली होती असेही मी म्हणत नाही. मी आईला बाटली दाखवली. ही दुपारचीच पट्टी आहे, दुसरा काही वास नाही, असे सांगितले. तिने बाटली हातात घेऊन उलटीसुलटी केली, जणू मागच्या बाजूला दुसरे काही लिहिलेले सापडेल. मग पट्टी पुन्हा नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"म्हणजे मलाही हाच येत असेल," ती म्हणाली. मी म्हटले, "रोज यायचा. संध्याकाळी." ती त्यावर काही बोलली नाही.

सकाळी तिला पेपर वाचायचा होता, म्हणून तिने मला चष्मा आणायला सांगितला. चष्म्याचे घर उघडले तर काचांवर ती कागदाची पट्टी होती, मधोमध नीट दुमडून ठेवलेली.